दोन उद्याने, एकच गुरुत्वाकर्षण

परदेशातील एखादे मोठे मनोरंजन उद्यान पाहून आलेल्या माणसाला घरी हमखास विचारले जाते, 'आपल्याकडच्यापेक्षा ते कसे आहे?' उत्तरही बहुधा ठरलेले असते. तिकडे सगळे भव्य, स्वच्छ आणि शिस्तीचे. आपल्याकडे गर्दी, महाग खाणे आणि पावसाळ्यात चिखल. या तुलनेत थोडेफार तथ्य असेलही, पण विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला तिचा फारसा उपयोग नाही. उद्यानातले पाळणे नेमके काय करतात आणि त्यांतून काय शिकता येते, या दृष्टीने तुलना केली तर ती वर्गात कामाला येते. या लेखात तशी तुलना करू.

त्यासाठी मी पाहिलेली दोन उद्याने घेऊ. पहिले अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले 'मॅजिक माउंटन'. ते १९७१ साली सुरू झाले. दुसरे आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावरचे 'इमॅजिका'. ते २०१३ साली सुरू झाले. दोहोंत बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही ठिकाणी एकाच स्विस कंपनीने बांधलेले, एकाच जातीचे रोलर कोस्टर आहेत. त्यांत बसणाऱ्याच्या पायाखाली फळी नसते, पाय मोकळे लोंबतात. मॅजिक माउंटनमधल्या कोस्टरचे नाव 'स्क्रीम'. तो २००३ साली बांधला गेला, त्याची पहिली उतरण ४३ मीटरची आहे आणि वाटेत गाडी सात वेळा उलटी होते. खोपोलीच्या 'नायट्रो'ची उंची सुमारे ४० मीटर आहे आणि त्यावर गाडी पाच वेळा उलटी होते.

बांधणारे तेच, पोलाद तसेच आणि गुरुत्वाकर्षणही तेच. मग फरक कुठे उरतो? तो समजण्यासाठी आधी ही यंत्रे चालतात कशी, हे पाहायला हवे.

चढाचे भांडवल

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. सुरुवातीला एक साखळी तिला सर्वांत उंच चढावर ओढून नेते. त्या वेळी ऐकू येणारा 'खट् खट्' आवाज साखळीचा नसतो. गाडीखालचा एक खटका रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून सरकत असतो. साखळी तुटलीच तर हा खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. विहिरीच्या रहाटाला उलटे फिरू न देणारा अडसर लावावा, तसाच हा प्रकार.

चढावर पोचलेल्या गाडीत स्थितिज ऊर्जा साठलेली असते. पुढच्या सगळ्या प्रवासाचे भांडवल तेवढेच. उतरताना तिचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते, पुढच्या टेकडीवर चढताना परत स्थितिज ऊर्जेत. प्रत्येक वेळी घर्षण आणि हवेचा विरोध आपला वाटा काढून घेतात, म्हणून पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा बुटकी ठेवावी लागते.

आता एक हिशेब करू. ४३ मीटर खाली आल्यावर घर्षण नसते तर वेग किती झाला असता? वेगाचा वर्ग = २ × ९.८ × ४३ = ८४३. म्हणजे वेग सेकंदाला २९ मीटर, अर्थात ताशी सुमारे १०४ किलोमीटर. 'स्क्रीम'चा प्रसिद्ध केलेला कमाल वेग ताशी १०१ किलोमीटर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १०१ आणि १०४ यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढले तर ०.९४ येते. म्हणजे पहिल्या उतरणीवर सुमारे सहा टक्के ऊर्जा घर्षणात गेली. पाठ्यपुस्तकात 'घर्षण नगण्य मानू' असे वाक्य असते. ते नगण्य मानल्याने किती चूक होते, हे इथे विद्यार्थ्याला आकड्यात दिसते.

या हिशेबात वस्तुमान कुठेच आलेले नाही, याकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. हत्तीएवढी गाडी असो वा मुंगीएवढी, घर्षण सोडले तर वेग तोच.

खोपोलीला जाणाऱ्यांसाठी याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण जवळच आहे. १९१५ साली टाटांनी खोपोलीत जलविद्युत केंद्र सुरू केले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणून तिथे वीज निर्माण होते. तिथे पाणी उतरते आणि उद्यानात गाडी उतरते. पाण्याला वर नेण्याचे काम सूर्य आणि मोसमी वारे करतात, गाडीला वर नेण्याचे काम विजेवर चालणारी साखळी.

वेग कळत नाही, बदल कळतो

रोलर कोस्टरच्या जाहिरातीत वेग ठळक अक्षरांत छापलेला असतो. पण पोटात गोळा येतो तो वेगामुळे नव्हे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानात आपण निवांत चहा पितो आणि कपातला चहा हिंदकळतही नाही. आपल्या शरीराला जाणवतो तो वेगातील बदल, म्हणजे त्वरण.

त्याहून नेमके सांगायचे तर, आपले वजन म्हणून आपल्याला जे जाणवते ते पृथ्वीचे ओढणे नसते. बाक किंवा जमीन आपल्याला वर ढकलत असते, ते ढकलणे आपल्याला जाणवते. खुर्चीत स्वस्थ बसलो असता हे ढकलणे आपल्या वजनाइतके असते. त्याला 'एक जी' म्हणू. गाडी दरीच्या तळाशी वळून वर जाऊ लागते तेव्हा बाकाला आपले वजन तर पेलावे लागतेच, शिवाय आपली दिशा वरच्या बाजूला वळवावी लागते. त्यासाठी लागणारे अभिकेंद्री बलही बाकच पुरवतो. म्हणून तिथे आपण तीन-चारपट जड झाल्यासारखे वाटते. टेकडीच्या माथ्यावर याच्या उलट होते. बाक आपल्याखालून निसटल्यासारखा वाटतो, वजन हलके होते, कधी क्षणभर नाहीसेही होते.

शेवटच्या डब्यात बसण्यासाठी मुले भांडतात, त्यालाही भौतिकीचा आधार आहे. सगळी गाडी एकाच वेगाने चालते, कारण डबे जोडलेले असतात. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडीचा बराच भाग अजून चढावर असतो, म्हणून वेग कमी असतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे डबे उताराला लागलेले असतात आणि गाडीचा वेग वाढलेला असतो. माथा तोच, पण मागच्यांना तो अधिक वेगाने ओलांडावा लागतो. त्यामुळे त्यांचे बाकावरून उचलले जाणेही अधिक होते.

वर्तुळ का चालले नाही?

मॅजिक माउंटनमध्ये विज्ञानाच्या शिक्षकाने थांबून पाहावी अशी एक जुनी राइड आहे. तिचे नाव 'रेव्होल्यूशन'. १९७६ साली ती सुरू झाली आणि पोलादी रुळांवर उभा लूप, म्हणजे उभे वलय, घेणारी ती पहिली आधुनिक राइड ठरली. तिचे वलय नीट पाहिले तर ते गोल नाही. उलट्या धरलेल्या पाण्याच्या थेंबासारखे ते वर निमुळते आणि खाली पसरट आहे. खोपोलीच्या 'नायट्रो'चे वलयही गोल नाही. असे का?

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८९५ साली गोल वलयाचा एक कोस्टर बांधला गेला होता. त्याचे वलय जेमतेम साडेसात मीटर व्यासाचे होते. त्यातून फिरून आलेल्यांच्या माना दुखू लागल्या आणि काही वर्षांतच तो बंद पडला. कारण साध्या गणितातून कळते.

समजा, वलय अगदी गोल आहे. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून राहावी, एवढाच वेग ठेवला. त्यासाठी माथ्यावर वेगाचा वर्ग 'गुरुत्व त्वरण × त्रिज्या' एवढा हवा. तळ माथ्याच्या दोन त्रिज्या खाली आहे. तिथे येईपर्यंत वेगाचा वर्ग पाचपट होतो. म्हणजे तळाशी अभिकेंद्री त्वरण पाच जी. त्यात आपल्या नेहमीच्या वजनाचा एक जी मिळवला की सहा जी होतात. त्रिज्या लहान घ्या वा मोठी, उत्तर सहाच येते! वलय मोठे करून सुटका नाही. शिवाय सपाट रुळावरून गाडी वलयात शिरली की एक जी वरून सहा जी वर एकदम उडी बसते. या हिसक्यानेच माना अवघडत.

रेव्होल्यूशनचे आरेखन करणारे जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल आणि निर्माते आंतोन श्वार्त्सकोफ यांनी यावर उपाय केला. त्यांनी वलयासाठी 'क्लोथॉइड' नावाचा वक्र वापरला. या वक्रावर आपण जसजसे पुढे जातो तसतशी त्याची वक्रता एकसारख्या दराने वाढत जाते. म्हणजे तळाशी त्रिज्या मोठी आणि माथ्याशी लहान. जिथे वेग जास्त तिथे वळण ऐसपैस, जिथे वेग कमी तिथे वळण घट्ट.

फरक किती पडतो, ते आकडे घेऊन पाहू. वलयाची उंची २७ मीटर, माथ्यावर त्रिज्या ६ मीटर आणि तळाशी २५ मीटर समजा. माथ्यावर लागणाऱ्या किमान वेगाचा वर्ग ९.८ × ६ = ५९. तळाशी येताना त्यात २ × ९.८ × २७ = ५२९ ची भर पडते. एकूण ५८८. याला २५ ने भागले की तळाशी अभिकेंद्री त्वरण २३.५ येते, म्हणजे २.४ जी. नेहमीचा एक जी मिळवून ३.४ जी. सहाचे साडेतीनवर आले. आणि हे ओझे हिसक्याने येण्याऐवजी हळूहळू वाढत येते.

हा वक्र काही कोस्टरसाठी शोधला गेला नव्हता. रेल्वेगाडी सरळ रुळावरून वळणावर घेताना धक्का बसू नये म्हणून अभियंते मधे असा हळूहळू वळत जाणारा तुकडा टाकतात. त्याला संक्रमण वक्र म्हणतात. द्रुतगती महामार्गावर गाडी वळवताना चालकाला सुकाणू एकदम फिरवावे लागत नाही, त्याचेही कारण हेच. क्लोथॉइड हे नाव ग्रीक पुराणातील सूत कातणाऱ्या क्लोथो देवतेवरून पडले आहे, कारण हा वक्र टकळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या धाग्यासारखा दिसतो.

पडणे आणि थांबणे

गर्दी खेचणारा आणखी एक प्रकार म्हणजे उंच मनोऱ्यावरून बाक सोडून देणे. समजा, बाक २० मीटर मोकळेपणाने पडला. त्याला सुमारे दोन सेकंद लागतील आणि वेग ताशी ७१ किलोमीटर होईल. त्या दोन सेकंदांत बसणारा खऱ्या अर्थाने वजनरहित असतो. अंतराळयानातील प्रवासी वजनरहित असतात ते पृथ्वीचे आकर्षण तिथे पोचत नाही म्हणून नव्हे, तर तेही यानासह सतत पडतच असतात म्हणून. हे विद्यार्थ्यांना पटवायला या दोन सेकंदांइतके चांगले उदाहरण नाही.

वर्गात हा प्रयोग फुकट करता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडून ती पाण्याने भरा. झाकण न लावता धरून ठेवली की पाण्याची धार लागते. आता ती हातातून सोडून द्या. पडत असताना धार थांबते! पाणी आणि बाटली एकाच त्वरणाने पडत असल्याने पाणी तळावर दाब देत नाही.

थांबवण्याचे तंत्र तर पडण्याहूनही सुंदर आहे. आधुनिक मनोऱ्यांवर ब्रेकला घासणारे पट्टे नसतात. बाकावर शक्तिशाली कायमचुंबक आणि मनोऱ्यावर तांब्याच्या किंवा तशाच सुवाहक धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. कुठे याच्या उलट रचना असते. चुंबक पट्टीजवळून वेगाने जाऊ लागला की पट्टीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते चुंबकाच्या गतीला विरोध करतात. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. या ब्रेकला वीज लागत नाही, तो झिजत नाही आणि त्याला कुणी दाबावेही लागत नाही. सगळ्या उद्यानाची वीज गेली तरी बाक हळूच थांबतो. अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या नळीतून एक जोरदार चुंबक सोडून पाहा. नळीला चुंबक चिकटत नाही, तरी तो आरामात, रेंगाळत खाली येतो. हा तोच ब्रेक.

भरवसा कशाच्या आधारावर?

उलट्या गाडीतून माणसे पडत कशी नाहीत, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. खांद्यावरून येणारा दांडा आपल्याला धरतोच. पण गाडी रुळाला कोण धरून ठेवते? गाडीला तीन जातींची चाके असतात. एक रुळावर, एक बाजूने आणि एक रुळाच्या खालून. त्यामुळे रूळ तिन्ही बाजूंनी मुठीत धरल्यासारखा राहतो. खालच्या चाकाचे एकस्व, म्हणजे पेटंट, जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ साली घेतले होते. तेव्हापासून ही कल्पना जगभर वापरात आहे. रुळांचे टप्पे पाडून एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याची पद्धतही रेल्वेच्या सिग्नलसारखीच आहे.

म्हणजे आरेखनात पुरेशी काळजी घेतलेली असते. धोका पुढे, रोजच्या वापरात निर्माण होतो. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवत राहिलो की तुटते. याला धातूची थकावट म्हणतात. एखादी गाडी तासाला वीस फेऱ्या करते, दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालते असे धरले, तर रुळाचा प्रत्येक जोड वर्षाला ४८,००० वेळा ताणला जातो. त्यातून केसाएवढी चीर पडते आणि डोळ्यांना दिसण्याआधी ती आत वाढत राहते. ती शोधण्यासाठी रंगीत द्रव, चुंबकीय लोहचूर्ण किंवा श्राव्यातीत ध्वनी यांचा उपयोग करतात. प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी लागते.

नोंद आणि तपासणी यांकडे दुर्लक्ष झाले तर काय होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लोलकासारखा झुलणारा एक पाळणा तुटून खाली कोसळला. दोघांचा मृत्यू झाला आणि पंचवीसहून अधिक जण जखमी झाले. पण 'आपल्याकडे असेच चालायचे' असे म्हणून मोकळे होण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातही १९९९ पूर्वी फिरत्या जत्रांतील पाळण्यांची सरकारी तपासणी होत असे, पण कायमस्वरूपी उद्याने त्या कायद्यातून वगळलेली होती. डिसेंबर १९९८ मध्ये डिस्नेलँडमधील अपघातात एका पर्यटकाचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९९ साली मोठ्या उद्यानांनाही तपासणी सक्तीची करणारा कायदा झाला. शिस्त ही कुणाच्या रक्तात नसते. ती अपघातातून शिकून, कायदा करून, रोज नोंदी ठेवून अंगी बाणवावी लागते. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने अशा पाळण्यांसाठी मानके तयार केली आहेत. ती कागदावर आहेत तशी प्रत्येक पाळण्यावर उतरली पाहिजेत.

आपल्या परिस्थितीत हे काम अधिक अवघड आहे, हेही ध्यानात घ्यावे. मॅजिक माउंटनचा परिसर कोरडा आहे, तिथे बराच काळ पाऊस नसतो. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, जून ते सप्टेंबर धो धो पावसात उभी आहे. ओलाव्याने पोलाद गंजते आणि गंजलेल्या जागीच थकाव्याची चीर लवकर धरते. तोच कोस्टर कॅलिफोर्नियातून उचलून सह्याद्रीखाली ठेवला तर त्याची देखभाल तीच राहणार नाही.

खरा फरक

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन उद्यानांत मला जाणवलेला सर्वांत मोठा फरक रुळांवर नाही. तो प्रवेशद्वारातून आत येणाऱ्या शाळांमध्ये आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही भौतिकीच्या शिक्षकांनी उद्यानांशी बोलून एक दिवस शाळांसाठी मागून घेतला. मॅजिक माउंटन हे त्यात आघाडीवर असलेल्या उद्यानांपैकी एक. पुढे 'भौतिकी दिन' म्हणून ही प्रथा अनेक उद्यानांत रुजली. विद्यार्थी येतात ते तिकिटाबरोबर प्रश्नपत्रिका, स्टॉपवॉच आणि स्वतः बनवलेला त्वरणमापक घेऊन. हा त्वरणमापक म्हणजे पारदर्शक नळीत स्प्रिंगला लावलेले एक छोटे वजन. वजन जड झाले की स्प्रिंग ताणली जाते आणि नळीवरच्या खुणांवरून किती जी ते वाचता येते. तो दोरीने मनगटाला बांधतात. आधी अंदाज करायचा, मग मोजायचे, मग दोहोंत फरक का पडला ते लिहायचे. त्यानंतर हवी तितकी मजा!

आपल्याकडेही दर हिवाळ्यात शाळांच्या बसगाड्या उद्यानांकडे निघतात. परवानगीच्या अर्जावर 'शैक्षणिक सहल' असे लिहिलेले असते. मुले भरपूर आनंद लुटतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण आठवडाभर आधी वर्गात दोन तास दिले आणि सहलीत तासभर मोजमापाला ठेवला, तर अर्जावरचा 'शैक्षणिक' हा शब्द खरा होईल. त्यासाठी उद्यानाने काही द्यावे लागत नाही.

उदाहरणार्थ, गाडीत न बसताही तिचा वेग काढता येतो. गाडीची लांबी डब्यांच्या अंदाजाने ठरवा. तिचे पुढचे टोक एका खांबापाशी आले की स्टॉपवॉच सुरू करा, मागचे टोक गेले की बंद करा. १२ मीटरची गाडी अर्ध्या सेकंदात गेली तर वेग सेकंदाला २४ मीटर. उंची काढायला कोनमापक आणि ओळंबा पुरतो. चढाच्या माथ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ५० मीटर अंतरावरून माथा ३८ अंशांत दिसला, तर उंची सुमारे ३९ मीटर. त्यात डोळ्यांची उंची मिळवायची. मग उंचीवरून काढलेला वेग आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग शेजारी शेजारी ठेवा आणि घर्षणाने किती टक्के घेतले ते मुलांनाच सांगू द्या.

तिकीट परवडत नसेल तर

पुष्कळ शाळांना खोपोली दूर आहे आणि तिकीट त्याहून दूर. त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. गावच्या जत्रेतील आकाशपाळणा त्याच नियमांनी फिरतो.

पाळण्याची त्रिज्या ५ मीटर आणि एका फेरीला ८ सेकंद लागतात असे समजा. अभिकेंद्री त्वरण = ४ × ९.८७ × ५ ÷ ६४ = सुमारे ३.१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.३१ जी. पाळण्यात बसताना ताणकाट्याला अर्ध्या किलोचे वजन पक्के बांधून न्या आणि ताणकाटाही आतल्या दांड्याला बांधा. तळाशी काटा सुमारे ६५५ ग्रॅम दाखवील आणि माथ्यावर सुमारे ३४५. दगड तोच, पृथ्वी तीच. बदलले ते काट्याचे ओढणे. इतके स्वच्छ मोजमाप महागड्या कोस्टरवरही सहज मिळत नाही.

साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा पाळणा असेल तर तो फिरताना बाजूला उभे राहून पाहा. एका खुर्चीत दांडगा माणूस बसलेला आहे, तिच्या शेजारची रिकामी आहे. कोणती खुर्ची जास्त बाहेर झुकेल? वर्गात आधी हात वर करायला सांगा. बहुतेक मुले रिकाम्या खुर्चीचे नाव घेतील. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकाच कोनात झुकलेल्या दिसतात, कारण हा कोन वेग आणि त्रिज्या यांवर ठरतो, वस्तुमानावर नाही. डोंगरावरून उतरणाऱ्या गाडीच्या हिशेबातून वस्तुमान निसटले होते, तसेच इथेही निसटते.

आणि जत्राही नसेल तर एस.टी. आहेच. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोऱ्याने एक छोटा नट बांधा आणि बस सुटताना धरा. दोरा सहा अंश मागे झुकला तर बसचे त्वरण ०.१ जी, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर प्रति सेकंद. जोरात ब्रेक लागला की दोरा पुढे किती जातो ते पाहा. आज मोबाईल फोनमध्ये त्वरणमापक असतोच. तो झिपच्या खिशात ठेवून पाळण्यातील नोंद घेता येते. पण दोरा आणि नट यांनी आधी मोजलेले असेल तर फोनवरच्या रेघेचा अर्थ मुलांना कळेल.

वर्गासाठी काही प्रश्न

१. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांपैकी कोणती तळाशी अधिक वेगाने येईल? घर्षण आणि हवेचा विरोध धरून आणि न धरून, दोन्ही उत्तरे द्या.

२. सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा दुपारची फेरी थोडी वेगवान का होते? चाकांच्या वंगणाचा विचार करा.

३. गोल वलयात माथ्यावरचा वेग किमान वेगाच्या दुप्पट ठेवला तर तळाशी किती जी जाणवतील?

४. चंद्रावर 'नायट्रो'सारखा कोस्टर बांधला तर तळाशी वेग किती होईल? आणि तिथे गोल वलयाच्या तळाशी नेहमीच्या तिथल्या वजनाच्या किती पट वजन जाणवेल?

५. तुमच्या गावच्या जत्रेतील आकाशपाळण्याची तपासणी कोण करतो? त्याची नोंद कुठे ठेवलेली असते? ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा आणि मिळालेले उत्तर वहीत लिहा.

यातील पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या आधाराने काढता येतील. पाचव्याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधून आणावे लागेल, आणि पाळण्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवे.